शब्द तुमचे, शेण माझं

महाड
२१ जुलै २०२५

ती. गं. भा. आनंदीवहिनींस,

महिपतचा साष्टांग नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. गेल्या वेळी फोनवर आपले बोलणे 'तुम्ही बोलत राहा, मी तोवर भांडी घासते' या वाक्यावर संपले, म्हणून म्हटले यावेळी कागद बरा. तो मध्येच रेंजबाहेर जात नाही. भरत रोज मिनीडोर रिक्षा घेऊन उमरठपर्यंत येतोच, त्याच्या हाती पाठवतो आहे.

कारण आनंदाचे आहे. आपल्या वाडीच्या मुंबई मंडळाला यंदा पन्नास वर्षे होत आहेत. दसऱ्याला स्मरणिका काढायची ठरली आणि मी नको नको म्हणत असताना संपादकपद माझ्या गळ्यात पडले. मूळ घरातल्या गौरी-गणपतीवर एक पान हवे, आणि ते तुमच्याच हातचे हवे. विषय सोपा आहे, 'सणाचे वातावरण'. मदतीसाठी काही शब्द देतो, जमतील तसे गुंफा: आनंदाला उधाण, उत्साहाला भरते, चैतन्याची सळसळ, मांगल्याचा दरवळ, हास्याची कारंजी, लगबग, रेलचेल. एका वाक्यात दोन आले तरी चालतील. शाळेत मी मुलांना हेच सांगायचो, सणाच्या निबंधात हात आखडायचा नाही.

दुसरे महत्त्वाचे. यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात येतात. नव्या सुनेचे पहिले सूप पूर्वातच ओवसतात, म्हणजे तुमच्या ऋत्विकच्या सेजलचा पहिला ओवसा यंदाच उरकायला हवा. पुढल्या वर्षी अधिक महिना, गौरी उशिरा येणार, पूर्वा हुकणार, आणि पोर ताटकळत राहणार. नवी सून सूप घेऊन गौरीपुढे उभी राहील, मग घरातल्या वडीलधाऱ्या सुवासिनी पाटांवर बसतील आणि ती एकेकीच्या ओटीत सूप देईल, काय तो देखावा! मी मोबाइलवर चित्रण करणार आहे, सोबत निवेदनही.

मुंबईहून यंदा झाडून सगळे येतो म्हणतात. तुम्ही कसलीही दगदग करू नका. फक्त आनंदात राहा.

आपला,
महिपत


वाडी, उमरठ
२९ जुलै

महिपतभावजींस आशीर्वाद.

पाकीट मिळालं. भरत म्हणाला, "काकी, जाड लागतंय, पैसं हायत काय?" म्हटलं, "नाय रे, शब्द हायत." तो हसत गेला. आणि पाकिटावर गं. भा. लिहिता ते नाही लिहिलंत तरी चालेल. भरतला माझं घर ठाऊक आहे. माझा नवरा गेला हे मलाही ठाऊक आहे, पाकिटानं आठवण करून द्यायला नको.

नको नको म्हणताना संपादकपद गळ्यात पडलं म्हणता, तर मान पुढे केली असणार. असो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सणाचं वातावरण लिहिलं आहे. तुमचे सगळे शब्द वापरले, एकही वाया घालवला नाही.

उधाण येतं ते मागल्या पडवीत. दोन-चार कौलं सरकली आहेत, पाऊस थेट तांदळाच्या पिंपावर. दरवळ आहे, तो माजघराच्या भिंतीला धरलेल्या ओलीचा. चैतन्याची सळसळ माळ्यावर आहे, बहुतेक धामण असावी, शेजारच्या भिकूला बोलावलं आहे, तो उद्या येतो असं चार दिवस सांगतोय. उत्साहाला भरतं येतं ते गणपती बसल्यावर, ओटीवर पत्ते पडले की. हास्याची कारंजी तिथलीच. त्या कारंज्यांतून दर पाच मिनिटांनी "वहिनी, चहा" असा एक थेंब आत येतो. रेलचेल म्हणजे उष्टी ताटं. लगबग हा एक शब्द मात्र खरा आहे. तो कुणा बाईनंच काढला असणार, धावता धावता.

छापा आता.

तुम्ही म्हणता दगदग करू नका. मग कोण करणार ते लिहायचं राहिलं. गौरी यायच्या आधी माजघर सारवायला हवं, तुम्हा सगळ्यांना मातीची जमीनच हवी, कारण मुंबईच्या मुलांना फोटो काढायचे असतात. गोधड्या धुवायच्या, घोंगड्या उन्हात टाकायच्या, आणि ऊन कुठलं आणू? परसातलं गवत कमरेला आलं. आठ दिवस आधी एक गडी कौलांसाठी पाठवा, आणि माझ्या जावेला, तुळसाला पाठवा सारवायला. शब्द तुमचे आणि शेण माझं, असं किती वर्षं चालणार?

सेजलसाठी पोलादपूरच्या बुरुडाकडे नवी सुपं सांगून ठेवली आहेत. आपल्या गावच्या विणीची, प्लॅस्टिकच्या दोऱ्याची नव्हे. हळदीची पानं परसात आहेत. काकडीचा वेल मी तिच्यासाठीच राखला आहे, माकडांशी भांडून.

आनंदी


महाड
६ ऑगस्ट

ती. गं. भा. वहिनींस,

सा. न. तुमचे पान वाचून तुळसा एवढी हसली की तिचा चहा सांडला. तुमची विनोदबुद्धी दादा गेल्यावरही शाबूत आहे हे पाहून समाधान वाटले. मात्र वहिनी, स्मरणिका पाहुण्यांच्या हाती पडते, आमदारांपर्यंत जाते. म्हणून थोडासा संपादकीय हात फिरवला आहे. नमुना पाहा:

'पर्जन्यधारांना उधाण आले असता मूळ घराच्या पडवीत चैतन्य सळसळू लागते. मातीच्या भिंतींतून मांगल्य दरवळते. ओटीवर हास्याची कारंजी उसळतात आणि आमच्या वहिनी, साक्षात अन्नपूर्णा, हसतमुखाने चहाचे कप घेऊन अवतरतात.'

मूळ आशय तोच ठेवला आहे. फक्त धामण काढली.

कौलांसाठी माणूस शोधतो आहे. सुट्टी कुणालाच नाही, ऋत्विकलाही आदल्या दिवशीच निघता येईल. तुळसाची कंबर धरली आहे. तुम्हीसुद्धा गुडघ्यांकडे लक्ष द्या, एक दिवस सवला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा, फार गुण येतो. सोबत रंगीत दिव्यांची माळ पाठवतो. ती लावल्याबरोबर घराचा मूड बदलतो, आठ तऱ्हांनी लुकलुकते.

ओवशाची आखणी केली आहे. माजघरात गौरीसमोर पाटांची रांग. पहिला पाट तुळसाचा. दादा असते तर तो मान अर्थातच तुमचा होता, पण रीतीपुढे इलाज नाही. पुढे चंद्राबाई आत्या, मग बाकीच्या. तुम्ही त्या वेळी आत असालच, तुमच्याशिवाय वडे कोण तळणार! तुमच्या हातच्या वडे-सागुतीची सगळे वर्षभर वाट बघतात. तुम्हाला काही सुचवायचे असल्यास कळवा.

महिपत


वाडी
१२ ऑगस्ट

महिपतभावजी,

माळ मिळाली. लावली. आठ तऱ्हांनी लुकलुकली आणि नवव्या तऱ्हेला घराचा फ्यूज घेऊन गेली. दोन दिवस अंधारात होते. भिकू आला तो धामणीसाठी नाही, वायर जोडायला आला, आणि जोडता जोडता म्हणाला, "काकी, ह्यो दिवा लावल्यावर हसायचं आसतं काय?" त्यालाही कुणीतरी मूड सांगितला असावा.

तुमचं पान वाचलं. हसतमुखानं चहाचे कप घेऊन अवतरणारी बाई कोण ते मला कळलं नाही. आमच्या घरी तशी कुणी राहत नाही. चौकशी करून कळवते.

सुचवायचं असल्यास कळवा म्हणालात, तर कळवते. यंदा माझ्यानं होणार नाही. मी कशेडीपलीकडे भावाकडे जाते, गणपतीआधीच जाते, गौरी गेल्या की येते. किल्ली भिकूकडे ठेवते. सुपं बुरुडाकडे तयार आहेत, भरतला सांगितलं तर तो आणून देईल. काकड्या वेलावर आहेत. माकडांनी ठेवल्या तर मिळतील.

सण तुम्ही करा. तुमच्याकडे एवढे शब्द आहेत, अडणार नाही.

आनंदी


महाड
१७ ऑगस्ट

ती. गं. भा. वहिनींस,

सा. न. तुमचे पत्र वाचून तुळसा आणि मी दोघेही हबकलो. नवीन सुनेचा पहिला ओवसा आणि सासू घरात नाही? गावात काय चर्चा होईल? मुंबईच्या मंडळींना मी काय सांगू?

रात्रभर विचार केला आणि चूक माझ्या लक्षात आली. वहिनी, तुम्ही थकला आहात. हे मला आधीच कळायला हवे होते. साठीच्या बाईने एवढ्या माणसांचे करायचे म्हणजे चेष्टा नव्हे. तर तोडगा काढला आहे आणि तुम्हाला तो नक्की आवडेल.

बिरवाडीचा एक आचारी ठरवला. हाताखाली दोन माणसे, भांडी, शेगड्या, पत्रावळ्या सगळे त्याचे. वडे तोच करील, सागुती तोच करील, चहासुद्धा तोच. परसात ताडपत्री बांधून स्वयंपाक तिथे होईल, म्हणजे तुमच्या चुलीला पूर्ण सुट्टी. कौलांचा माणूसही उद्याच पाठवतो. तुम्ही कुठेही जाऊ नका. ओटीवर तुमच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची टाकू, तिथे पाहुण्यासारख्या निवांत राहा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोला, हवा खा.

आता तरी हसाल ना? तुमच्याकडून होकार आला की मी निश्चिंत.

महिपत


वाडी
२० ऑगस्ट

भावजी,

मी थकलेली नाही. हे आधी लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, आणि वाटलं तर स्मरणिकेत छापा.

तुम्ही माणूस वाईट नाही. कौलांचा गडी आला, त्यानं काम नीट केलं. पण तुम्ही चाळीस वर्षं मुलांना निबंध शिकवलेत आणि एक बाई चिडली तर ती कशानं चिडली हे तुम्हाला वाचता येत नाही. मी कौलं म्हटलं तर तुम्ही माळ पाठवलीत. मी जाते म्हटलं तर आचारी पाठवता. आता ऐका, सरळ सांगते, अलंकार काढून.

ऋत्विक माझा मुलगा. सेजल माझी सून. तिच्या सुपात घालायची काकडी मी राखली, तिची सुपं मी सांगितली, तिनं कोणती साडी नेसायची ते तिनं मला विचारलं. ती गौर ओवसून पाठ फिरवील आणि सूप घेऊन येईल तेव्हा पहिल्या पाटावर तुळसा. तुळसावर माझा राग नाही. ती माझ्या हाताखाली भाकरी थापायला शिकली. पण ती धाकटी आहे, आणि मी त्या वेळी भिंतीआड वडे तळत असणार. का, तर तुमचे दादा वारले. ते वारले त्यात माझा काय हात होता? त्यांनी मला विचारलं होतं?

चार वर्षं मी हे गिळलं. गौरी आल्या की सगळ्या सुवासिनी पुढे आणि मी चुलीशी, का तर चुलीशी रीत आडवी येत नाही. चूल कुणाचाही हात चालवून घेते. मी मनात म्हणायची, जाऊ दे, सणात आपलीही एक जागा आहे, तिथं धूर आहे म्हणून काय झालं. आता तुम्ही तीही काढून आचाऱ्याला दिलीत आणि मला खुर्ची टाकता ओटीवर. हवा खायला. माझ्याच घरात पाहुणी म्हणून.

मला कशेडीपलीकडे जायचं नाही. भाऊ ठेवून घेईल, भावजय तोंड वाकडं करील, ते सोडा. मला माझ्या माजघरात, माझ्या सुनेपुढे बसायचं आहे. एवढंच आहे. तुम्ही पाठवलेल्या त्या सगळ्या शब्दांत, उधाण आणि भरतं आणि काय काय, त्यात मी कुठं बसते ते मला एकदा बोट ठेवून दाखवा. मग मी पाहिजे तेवढी हसते.

आनंदी


महाड
२२ ऑगस्ट

ती. गं. भा. वहिनींस,

पत्र मिळाले. रीत मी लावलेली नाही. माझ्या आईच्या वेळीही हेच होते, तिने कधी तक्रार केली नाही.

तुळसाला तुमचे पत्र वाचून दाखवले. ती भांडी आवरायला उठून गेली. चंद्राबाई आत्यांच्या कानावर घातले. त्यांचे म्हणणे तुम्हाला कळवण्यासारखे नाही.

नव्या सुनेच्या पहिल्याच ओवशाला काही वेगळे केले आणि उद्या तिला काही झाले तर सगळे आपल्याकडे बोट दाखवतील. तेव्हा विषय वाढवू नये. आचाऱ्याला आगाऊ सांगितले आहे, तो येईलच. तुम्ही घरी थांबा ही हात जोडून विनंती.

महिपत


भांडुप, मुंबई
२२ ऑगस्ट

प्रिय आई,

मी सेजल. पत्र लिहायची सवय नाही, शेवटचं शाळेत लिहिलं होतं, मुख्याध्यापकांना. पण तुमचा फोन लागत नाही आणि ऋत्विक म्हणाला भरतदादाकडे चिठ्ठी पाठव, आमच्या बिल्डिंगमधला एक जण उद्या रात्रीच्या गाडीने पोलादपूरला येतोय.

काकांचा फोन आला होता. पूर्ण प्रोग्राम सांगितला, कोण कुठे बसणार, मी कुठे वळायचं, कॅमेऱ्याकडे कधी बघायचं. इतकं सुंदर बोलतात ना, मला वाटलं रेडिओ लागलाय. मी विचारलं, आई कुठे बसणार? म्हणाले, आई त्या वेळी बिझी असतात. मी म्हटलं, कशात बिझी, आचारी तर तुम्हीच ठरवलाय ना? मग म्हणाले, हॅलो हॅलो, रेंज जातेय. महाडच्या घरात रेंज जाते का हो आई?

मग मी माझ्या मम्मीला विचारलं. तिने सांगितलं असंच असतं, तू मध्ये पडू नको, नवीन आहेस. ऋत्विकला विचारलं, तो म्हणाला आईलाच आवडत नाही पुढे यायला. मी म्हटलं, तू कधी विचारलंस? तो मोबाइल बघायला लागला. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

तुम्ही कशेडीला जाताय असं काकींकडून कळलं. प्लीज जाऊ नका. मला तिथलं काहीच येत नाही, तुम्ही नसलात तर मी सूप उलटं धरलं तरी मला कुणी सांगणार नाही.

एक विचारायचं होतं. सूप भरल्यावर किती जड होतं? आणि ते हातात धरून किती वेळ उभं राहता येतं? खाली ठेवलेलं चालत नाही ना मध्येच? असंच विचारतेय. मला लगेच थकायला होत नाही.

तुमची,
सेजल


वाडी
२५ ऑगस्ट

चि. सेजल हिस अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. भरत उद्या पोलादपूरला त्याच गड्याच्या हाती हे परत देईल म्हणाला. पण तुम्ही निघण्याआधी तुला मिळतं की नाही, देव जाणे.

भरलेलं सूप चांगलं जड होतं. नारळ आहे, काकडी आहे, फळं आहेत, वर विडा. मध्येच खाली ठेवायचं नसतं. माझ्या वेळी मी थरथरत होते आणि सासूबाई म्हणाल्या, "काय गो, घरी जेवत नव्हतीस काय?"

तू तिथं काही करू नकोस. तुझी मम्मी सांगते ते शहाणपणाचं आहे. हिरवी साडी नेस.

मी कुठं जात नाही. आचाऱ्यानं काल निरोप पाठवला, वड्याला पीठ कोणतं वापरायचं म्हणून. ज्याला हे विचारावं लागतं त्याच्या हाती घर सोडून मी जाऊ?

ऋत्विकशी बोल. तो लहानपणापासून असाच आहे, बघत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे.

आई


महाड
८ सप्टेंबर

ती. वहिनींस,

सा. न. गौरी-गणपती झाले, पाहुणे परतले. पाच दिवस झाले, स्मरणिकेचे ते एक पान सोडून सगळे छापखान्यात गेले आहे. छापखानेवाला रोज विचारतो.

मी स्वतः लिहायला बसलो. 'मंगलमय वातावरणात नववधूचा ओवसा संपन्न झाला' असे लिहिले. खोडले. 'आनंदाला पारावार उरला नाही' लिहिले. तेही खोडले. मग मी केलेले चित्रण लावून पाहिले, त्यातून काही सुचेल म्हणून. सुरुवातीला माझे निवेदन आहे, गौरीचे वर्णन आहे, बरेच चांगले जमले आहे. मग सेजल वळते, आणि तिथून पुढे माझा आवाजच नाही. परसात आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज आहे. मधेच कुणीतरी खोकते, तो मीच असावा. शेवटी चित्र हलते आणि जमीन दिसू लागते.

तुळसाला म्हटले, तू सांग, काय लिहू. ती म्हणाली, "तुमी नका लिवू. ताईंना लिवू द्या. आनि हात फिरवू नका."

तेव्हा वहिनी, पुन्हा विनंती. पानभर नको. त्या वेळचे वातावरण कसे होते ते एका शब्दात सांगितलेत तरी मी छापीन. संपादकीय हात फिरवणार नाही, शब्द देतो. म्हणजे वचन देतो.

महिपत


वाडी
१४ सप्टेंबर

महिपतभावजींस आशीर्वाद.

यावेळी पाकिटावर गं. भा. नव्हतं. चुकून राहिलं असेल तर पुढेही चुकत राहा.

उत्तराला उशीर झाला, कारण तुमच्या आचाऱ्यानं परसात तेलाची कढई जिथं ओतली तिथं गवत जळलं आहे आणि मुंग्यांनी घर धरलं आहे. पत्रावळ्या अजून ओढ्याच्या काठाला सापडतात. घोंगड्या ओल्याच घड्या घालून गेलात सगळे. एक पोरगं बिछान्यात मुतलं आणि त्याच्या आईनं गादी उलटी करून ठेवली, मला चार दिवसांनी वासावरून कळलं. मांगल्याचा दरवळ. हे सगळं आधी लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी खूश आहे.

आता ते.

तुम्ही दारात मोबाइल धरून होतात, म्हणून तुम्हाला फक्त समोरचं दिसलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते. आचाऱ्याचे वडे जाड होत होते म्हणून पीठ पुन्हा मळून दिलं आणि हात धुऊन उंबऱ्याशी आले, म्हटलं लांबून बघू, बघायला कुणाची बंदी नाही. पोरीनं गौर छान ओवसली. हिरवी साडी नेसली होती. वळली. तुळसा पहिल्या पाटावर, पदर पसरून. आणि पोर उभीच राहिली.

मला आधी वाटलं विसरली. चंद्राबाई म्हणाल्या, "दे गो पोरी, खोळंबा कशाला?" ती म्हणाली, "आई बसू दे." एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. सूप धरून उभी. मी उंबऱ्यातून हातानं खूण केली, दे, दे. माझ्याकडे बघितलंच नाही तिनं, लबाड. चंद्राबाई बोलू लागल्या, काय काय बोलल्या ते तुम्ही ऐकलंत. सुपातली काकडी घरंगळली, ती कुणी उचलेना. पोरीचे दंड थरथरायला लागले, बांगड्या वाजायला लागल्या. मला राग आला हो. देवाशपथ, पहिला मला रागच आला. एवढं जड धरून उभी आहे आणि सगळं माजघर बघत बसलंय, तुम्ही धरून, आमचा ऋत्विक धरून.

आणि मग तुळसा सरकली. कंबर धरलेली आहे म्हणता तिची, पण सरकली. दुसऱ्या पाटावरच्या बाईला ढकलून सरकली. म्हणाली, "बसा ओ ताई. पोरीचं हात भरलं." आणि मी अजून उंबऱ्यातच म्हणून ओरडली, "बसा म्हंते ना!" आयुष्यात पहिल्यांदा तुळसा माझ्यावर ओरडली.

हात ओलेच होते. पदराला पुसायचं सुचलं नाही. पदर पसरला आणि सूप आलं, जड, चांगलं भरलेलं. चंद्राबाई उठून गेल्या. जेवायला मात्र आल्या आणि वडे सहा खाल्ले, माझ्या पिठाचे. सेजलला काही झालेलं नाही, काल फोन लागला होता, ऋत्विकला भांडी घासायला लावते म्हणाली.

तर तुम्ही विचारता वातावरण कसं होतं. चैतन्य होतं का, मला सांगता येत नाही. कुणी हसलं नाही, तुमची माळ विझलेली होती, तेलाचा धूर आत येत होता. मी या घरात आले तेव्हापासून गौरी बघितल्या त्या येता-जाता, हातात काहीतरी घेऊन. तुमचे दादा होते तेव्हाही मी पाटावर टेकले की चुलीवरचं काहीतरी उतू जायचं. त्या दिवशीही काहीतरी उतू जात होतं, वास येत होता. मी उठले नाही.

म्हणून एक शब्द हवा असेल तर तो लिहा. बसले. वाक्य करायचं तर, सुनेनं सूप दिलं तेव्हा मी बसले होते.

उरलेलं पान कोरं राहिलं तर राहू दे. आणि खाली नुसतं आनंदी लिहा. पुढे-मागे काही लावू नका.

आनंदी